गोळी गिळल्याचा पुरावा

आरोग्य केंद्राच्या सात नंबरच्या खोलीत एक बाई बसत असे आणि तिचं काम होतं दुसऱ्यांच्या तोंडात बघणं. दातांची डॉक्टर नव्हे. त्यांचा पगार बरा असतो. क्षयाच्या रुग्णाने रोजच्या गोळ्या आपल्यासमोर गिळल्या की नाही ते बघायचं आणि वहीत खूण करायची, एवढंच. एकोणीस वर्षं ती हेच करत होती आणि एकोणीसही वर्षं कंत्राटावर. "आ करा. जीभ वर. आता उजवा गाल. आता डावा," हे ती इतक्यांदा म्हणाली होती की तिचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. पाठीमागे सगळे तिला आ-बाई म्हणत, तोंडावर ताई.

ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण सहा महिने रोज मूठभर गोळ्या गिळून पाहा म्हणजे कळेल. महिन्याभरात बरं वाटायला लागतं आणि बरं वाटलं की माणूस शहाणा होतो. मग गोळी गालात जाते, गालातून रुमालात आणि रुमालातून गटारात. आ-बाईने कवळीखाली दडवलेल्या गोळ्या काढल्या होत्या, भरघोस मिशीत अडकवलेली गोळी काढली होती, आणि एका पहिलवानाला तर नाक दाबून तोंड उघडायला लावलं होतं. एवढं करून कुणी निसटलाच तर तिच्यापाशी शेवटचा उपाय होता. या औषधाने लघवीला नारिंगी रंग येतो. ती हातात बाटली ठेवायची आणि म्हणायची, "जाऊन या. माणूस तोंडाने वाट्टेल ते सांगतो, लघवीला तेवढी अक्कल नसते."

मग नवे साहेब आले. त्यांना सगळे टक्केसाहेब म्हणत. टक्के म्हटल्यावर भलतं काही मनात आणू नका. माणूस हाताचा स्वच्छ होता. त्यांना नाद होता तो आकड्यांचा. चहात साखर कमी आहे म्हटलं तरी किती टक्के कमी, असं विचारतील असा माणूस. साहेबांनी केंद्रात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. नैसर्गिकची टंचाई होतीच, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

योजना अशी, की रुग्णाने घरी बसून मोबाइलसमोर गोळी घ्यायची. यंत्र बघणार आणि ठरवणार. घेतली, तर पडद्यावर "शाब्बास!" आणि नाव हिरवं. नाही घेतली, तर नाव लाल. बाईने फक्त लाल नावांच्या घरी जायचं. हिरव्या नावांच्या घरी जाणं म्हणजे मनुष्यबळाचा अपव्यय, असं परिपत्रकच निघालं. परिपत्रकात 'मनुष्यबळ' म्हणजे ती एकटी.

यंत्राला आधी शिकवावं लागतं म्हणे. त्यासाठी कंपनीची दोन माणसं दोन महिने बाईच्या टेबलासमोर कॅमेरा लावून बसली. रुग्णांनी शेकडो वेळा गोळ्या गिळल्या, बाईने ठेवलेल्या गुलाबी प्लास्टिकच्या पेल्यांतून पाणी प्यायले, आणि ते सगळं चित्रित झालं. मग ती माणसं म्हणाली, आता गोळी न घेणाऱ्यांची चित्रं हवीत, तेवढीच. आजाऱ्यांना नाटक करायला कोण सांगणार? म्हणून केंद्रातलेच लोक बसले. कारकून, झाडूवाली, औषध देणारा आणि खुद्द बाई. गोळी तोंडाजवळ न्यायची आणि मुठीत दडवायची. कारकून तर असा रंगला की त्याला थांबवावं लागलं. कंपनीच्या एकाने मध्येच बाईकडे पेले मागितले. बाई म्हणाली, "खोट्या गोळीला पाणी कशाला? आणि ते ढीगभर पेले मग घासणार कोण, तुमचं मशिन?" माणूस हसला आणि पेल्यांवाचून काम उरकलं. घासायचं वाचलं म्हणून बाई दिवसभर खुशीत होती. एवढं तुम्ही लक्षात ठेवा. बाईच्या काही राहिलं नाही.

पहिल्या महिन्यात एकसष्ट टक्के रुग्ण हिरवे होते, तिसऱ्या महिन्यात सत्त्याण्णव. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला आणि वरच्या कार्यालयाने साहेबांना भाषणाला बोलावलं. इकडे सात नंबरच्या खोलीतले पेले मात्र गायब व्हायला लागले. दोन डझनांचे पाच उरले. बाईने झाडूवालीवर संशय घेतला, झाडूवालीने आठवडाभर अबोला धरला. शेवटी महिन्याची तपासणी करून घ्यायला आलेली एक भाजीवाली पिशवीत पेला सरकवताना सापडली.

"अहो ताई, तुमचंच मशिन याच्याशिवाय घेत नाही," भाजीवाली उलट बाईवरच उखडली. "स्टीलच्या भांड्याने पाणी प्यायलं की नापास. आमच्या गल्लीत पोराटोरांना ठाऊक आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाटी लावलीय, गोळीचे पेले मिळतील म्हणून!"

बाईला हसू आलं. लोकांना काय, कशावरही विश्वास बसतो, असं म्हणून तिने पेला देऊन टाकला. विचार करायला वेळही नव्हता, कारण तिच्या यादीत तेव्हा जवळपास एकच ठणठणीत लाल नाव होतं आणि ते रोज तिचं डोकं खात होतं. ते नाव होतं निवृत्त हेडमास्तरांचं.

मास्तर घड्याळ लावून गोळ्या घेत. मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून उभा करत, ताठ बसत, काचेच्या ग्लासाने पाणी पीत आणि परीक्षकाला दाखवावं तसं तोंड उघडून दाखवत. यंत्र म्हणे, "गोळी घेतलेली दिसत नाही. पुन्हा प्रयत्न करा." सत्तेचाळीस दिवस हेच चाललं होतं.

"पुन्हा प्रयत्न म्हणजे काय? दुसऱ्यांदा गिळू?" मास्तर दारातच सुरू करत. "छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांना नापास केलं बाई, पण आधी पेपर वाचून!" आणि ते बाईच्या हातात बाटली ठेवत. त्यावर तारीख-वेळेसह चिठ्ठी, वळणदार अक्षरात. आत संत्र्याच्या रसासारखा रंग. बाईने साहेबांना सांगून पाहिलं, की मास्तर गोळ्या घेतात. साहेब म्हणाले, "तुम्ही मास्तरांना ओळखता म्हणून तुम्हाला तसं वाटतं. मशिन ओळखत नाही, म्हणून ते निःपक्षपाती आहे." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे फाशी देणाऱ्याला चोरही दिसत नव्हता आणि संन्यासीही.

चोर बसत असे बस थांब्याजवळच्या पायरीवर, गळ्याइतक्या उंचीच्या पाटीला किल्ल्यांचे घोस लटकावून. किल्लीवाल्याचं नाव यादीत सगळ्यांत वर, सर्वांत गडद हिरवं. चौऱ्याहत्तर दिवस, शंभर टक्के. येत्या शुक्रवारी आदर्श रुग्ण म्हणून त्याचा सत्कार व्हायचा होता. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, साहेबांबरोबर फोटो. सोमवारी बाई तिथून चालली होती आणि तिला मागून खोकला ऐकू आला. एकोणीस वर्षांत बाईचे कान तयार झाले होते. अडीच महिने औषध घेतलेल्या माणसाचा खोकला असा खोल नसतो.

"कसला हो खोकला?"

"धूळ ताई. कानशीची धूळ." कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती, इतका शर्ट सैल झाला होता.

संध्याकाळी परिपत्रक धाब्यावर बसवून बाई त्याच्या घरी गेली. घर म्हणजे एक खोली. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला गादी, मध्ये बायको शर्टांना बटणं लावत बसलेली, आणि गादीवर चार वर्षांची मुलगी जुन्या किल्ल्यांच्या जुडग्याशी खेळत होती. गादी एकच होती आणि त्यावर तिघं झोपत. बाईने नमस्कार-चमत्कार केलेच नाहीत. बाटली पुढे धरली. किल्लीवाला बराच वेळ बाहेर राहिला आणि जी बाटली घेऊन आला तिच्यात स्वच्छ पाण्याचा रंग होता.

"किती दिवस झाले?" बाईने विचारलं.

 त्याने गादीखालून पत्र्याचा डबा ओढला. आत गोळ्यांची पाकिटं, तारखेनुसार लावलेली, रबर घातलेली.

"टाकल्या नाहीत ताई. सरकारी माल आहे, टाकायचा कसा?"

"आणि खायचा नाही?" बाईचा आवाज चढला. "जपून ठेवायला दागिने आहेत का हे?"

"गोळी घेतली की दिवसभर मळमळायचं. हात कापायचा. किल्लीचा एक दात चुकला की गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "एक दिवस खरंच विसरलो. नुसताच पेला लावला तोंडाला, बघू म्हटलं. तरी शाब्बास आलं. मग वाटलं, एवढं हुशार मशिन, त्याला आतलं दिसत असेल. औषध अंगात पुरेसं झालं असेल म्हणूनच शाब्बास म्हणतंय. कमी पडत असतं तर बोललं नसतं का?"

बायकोने सुई खाली ठेवली. "मी विचारायची रोज. हे मोबाइल दाखवायचे. हिरवं यायचं, मग मी काय बोलणार?" आणि म्हणाली, "ताई, पोरगी पण पंधरा दिवस खोकतेय. त्या धुळीनेच ना?"

 ओट्यावर गुलाबी पेला होता. बाईने तो उचलला, किल्लीवाल्याचा मोबाइल समोर धरला आणि रिकामा पेला तोंडाला लावला. ना गोळी, ना पाणी, चेहराही भलत्याच बाईचा. पडद्यावर फुलं उधळली गेली. "शाब्बास! आजची गोळी नोंदवली."

तेव्हा तिला ते ढीगभर पेले आठवले. खऱ्या प्रत्येक चित्रात पेला होता आणि खोट्या एकाही चित्रात नव्हता. यंत्र बिचारं प्रामाणिक होतं. गोळी कशी दिसते हे ते शिकलंच नव्हतं, ते पेला ओळखायला शिकलं होतं. आणि ते शिकवलं होतं तिने, भांडी घासायचा कंटाळा करून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईला तिथल्या तिथे लाज वाटली. एकोणीस वर्षं लोकांची लबाडी पकडल्याचा तिला गर्व होता आणि आता तिच्या आळसाची किंमत त्या गादीवर किल्ल्या वाजवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी बापाचा बेडका तपासला, मुलीच्या छातीचा एक्स-रे काढला. बापाच्या बेडक्यात जंतू बुजबुजलेले होते. नशीब एवढंच, की त्यांच्यावर औषध अजून चालत होतं. अर्धवट गोळ्या घेतल्या असत्या तर जंतू औषधाला सरावले असते, त्याने जवळजवळ काहीच घेतलं नव्हतं म्हणून वाचला. मुलीच्या छातीत डाग निघाला. चार वर्षांच्या पोरीला सहा महिन्यांचं औषध लागलं. ते ऐकून किल्लीवाला केंद्राच्या पायरीवर बसला आणि लोकांदेखत रडला. बाईलाही रडावंसं वाटलं, पण तिने आधी डॉक्टरांकडून मळमळीचं औषध लिहून घेतलं. मळमळीवर साधी गोळी असते. ती मिळायला 'तू औषध का घेत नाहीस' एवढं कुणीतरी विचारावं लागतं, आणि यंत्राला प्रश्न विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी ती रिपोर्ट घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"लॅबची चूक असेल," साहेब म्हणाले. "शंभर टक्के माणूस आहे तो. उद्या त्याचा सत्कार आहे, गुच्छ सांगून झालाय."

बाईने पिशवीतून पेला काढला आणि साहेबांच्या मोबाइलसमोर रिकामाच तोंडाला लावून दाखवला. शाब्बास. साहेबांनी पेला स्वतः हातात घेतला. शाब्बास. ते ऐकून क्षणभर त्यांचा चेहरा खुलला. कुणाला आवडत नाही? मग त्यांनी खिशातली खोकल्याची गोळी आपल्या स्टीलच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली. यंत्र म्हणालं, गोळी घेतलेली दिसत नाही.

"साहेब, चूक माझी आहे," बाई म्हणाली. "खोट्या चित्रांना पेले मीच दिले नाहीत. ते सगळं पुन्हा काढायला लावा. तोवर मला सगळ्यांच्या घरी जाऊ द्या. आणखी किती किल्लीवाले असतील कोण जाणे."

साहेब बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. विचार करत होते म्हणायला हरकत नाही.

"करार वर्षाचा आहे," ते म्हणाले. "मध्येच पुन्हा शिकवायला लागलो तर आकडे पडतील. त्यापेक्षा सोपं आहे. मास्तरांना एक पेला द्या."

थट्टा नव्हती ती. पुढच्या आठवड्यात आदेश निघाला, प्रत्येक रुग्णास एक गुलाबी पेला शासनातर्फे मोफत. सत्त्याण्णवचे नव्व्याण्णव झाले. सत्कार भाजीवालीचा झाला. मास्तरांनी मात्र पेला बाणेदारपणे परत केला. "कॉपी करून पास होणार नाही," म्हणाले, आणि लालच राहिले.

त्या लाल मास्तरांमुळेच बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. हिरव्यांच्या घरी जायची बंदी होती. लालच्या घरी जाणं हे तर तिचं कर्तव्य होतं, लेखी. ती त्याच संध्याकाळी किल्लीवाल्याकडे गेली आणि पेला पिशवीत टाकून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी किल्लीवाला लाल झाला. तिसऱ्या दिवशी तिने धान्याची रिकामी गोणी खांद्याला लावली आणि गल्ल्या पालथ्या घातल्या. भाजीवालीने पेला आणि प्रमाणपत्र दोन्ही दाखवून वाद घातला. "सत्कार झालाय माझा!" बाई म्हणाली, "प्रमाणपत्र ठेवा, पेला द्या. आणि ही बाटली घ्या." भाजीवालीचा रंग पक्का नारिंगी निघाला. तिने मग बाटली अख्ख्या गल्लीला दाखवली.

त्रेपन्न घरं झाली. नऊ बाटल्यांत साध्या पाण्याचा रंग होता. नऊ माणसं रोज शाब्बास ऐकत होती आणि आतून पोखरली जात होती. कुणाला मळमळ, कुणाला रिकाम्या पोटी सोसत नाही, एकीने नवऱ्यापासून आजारच लपवलेला. बाई आता सहाला घर सोडायला लागली. टाचा दुखायला लागल्या. एका गल्लीचा भार मास्तरांनी आपण होऊन उचलला, चौघांना ओळीत उभं करून ते असं काही "जीभ वर!" म्हणत की घशातली गोळी भीतीनेच पोटात जाई.

किल्लीवाल्याच्या घरी ती आठला पोहोचायची. तो आधी चार घास खायचा, मळमळीची गोळी घ्यायचा, मग औषध. मुलीचं औषध पाण्यात विरघळायचं. पहिले काही दिवस तिने भोकाड पसरलं, एकदा बाईच्या अंगावर सगळं उलटवलं. दोन महिन्यांनी ती दारात बाई दिसली की आपणच आ करून उभी राहायला लागली. तिचा खोकला थांबला होता. बाईने त्या दिवशी जिना उतरताना एकदा नाक शिंकरलं आणि सर्दी झाली म्हणून घरी सांगितलं.

आणि मग पत्र आलं. आपल्या कार्यक्षेत्रातील औषधसेवनाचे प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांवरून चार टक्क्यांवर का घसरले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. अन्यथा आपल्या कंत्राटाच्या नूतनीकरणाचा विचार केला जाणार नाही. खाली साहेबांची सही. तक्ता भिंतीवरून काढला होता, त्या जागी रंग उडालेला चौकोन दिसत होता.

बाई घाबरली. उगाच शूरपणा सांगण्यात अर्थ नाही, ती खरोखर घाबरली. नवरा बस डेपोत वेळा लिहायचा, त्याच्या एकट्याच्या पगारात घर चालत नव्हतं. तो म्हणाला, "चूक झाली, पुन्हा होणार नाही, असं लिहून मोकळी हो. नोकरी टिकली तर लोकांचं बघशील ना?" बोलणं खोटं नव्हतं. तिने तसं लिहिलंही. मग वाचून पाहिलं. चूक झाली हे खरं होतं, पण पत्रात विचारली होती ती चूक नव्हती. आणि 'पुन्हा होणार नाही' म्हणजे उद्या आठला ती किल्लीवाल्याच्या दारात नसणार. बाईने कागद फाडला. दुसऱ्या कागदावर सगळी हकीकत लिहिली, दोन पानं झाली; ती साहेबांना ठाऊकच होती, म्हणून तीही फाडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने खुलासा कारकुनाच्या टेबलावर ठेवला. कारकुनाने शिक्का उचलला, कागद उलटसुलट करून पाहिला.

"एवढाच?"

"एवढाच."

त्याने वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. खुलाशात एकच ओळ होती: आता रुग्ण गोळ्या घेतात.